‘एक चमचा स्टेव्हिया’ म्हणजे नेमकं किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य पुरवण्यांमधून बिनसाखरेच्या पाककृती हल्ली वरचेवर छापून येतात. त्या जरूर याव्यात. पण त्यांत ‘साखरेऐवजी एक चमचा स्टेव्हिया घाला’ एवढं लिहून पुढे जायची पद्धत पडली आहे, आणि तिथेच वाचकाची फसगत होते. स्टेव्हिया हे गोड पानांचं झुडूप, पण त्याच्या एका नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, वाळलेल्या पानांची हिरवी भुकटी. दुसरी, पानांतून काढलेला शुद्ध पांढरा अर्क. हा साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतो. तिसरी, पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये विरघळवलेल्या अर्काचे थेंब, ज्यांची तीव्रता प्रत्येक बाटलीत निराळी. आणि चौथी, एरिथ्रिटॉल (साखरेसारखा दाणेदार, कमी कॅलरीचा पदार्थ) किंवा डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) यांत कालवलेलं मिश्रण, जे बहुतेक वेळा चमच्याला चमचा साखरेइतकं किंवा तिच्या दुप्पट गोड केलेलं असतं.

शुद्ध अर्काचा सपाट छोटा चमचा दीड-दोन ग्रॅम भरतो. म्हणजे तीनशे-चारशे ग्रॅम साखरेची गोडी एका चमच्यात! तोच चमचा मिश्रणाचा असेल तर जेमतेम एका कपाचं काम होतं. पाककृती वाचून शुद्ध अर्काने हात पोळलेला माणूस ‘स्टेव्हिया कडू असतो’ म्हणून तो कायमचा सोडतो. म्हणून आमची पहिली विनंती अशी की, पाककृतीत पदार्थाचं पूर्ण नाव, शुद्धता आणि वजन ग्रॅममध्ये द्यावं. चमचा हे साखरेचं माप आहे, या पदार्थांचं नाही.

आता वजन करायचं कसं? एक कप पेयाला साधारण पाच ग्रॅम साखर लागते, आणि तिच्या जागी शुद्ध अर्क लागतो फक्त २५ मिलिग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली वाचत नाही, त्यामुळे चिमटीच्या अंदाजाने घातलेलं प्रमाण दर वेळी दुप्पट-तिप्पट होऊन बसतं. यावर सोपा मार्ग म्हणजे द्रावण करून ठेवणं. ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या छोट्या काट्यावर एक ग्रॅम शुद्ध रेबॉडिओसाइड ए (स्टेव्हियाच्या पानातला एक गोड घटक; पाकिटावर ‘रेब ए’, ९५ टक्के किंवा अधिक) मोजा आणि उकळून कोमट केलेल्या २०० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. याच्या एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम अर्क येतो आणि त्याची गोडी सुमारे एक ग्रॅम साखरेइतकी भरते. पाच मिलिलिटरचा एक चमचा म्हणजे पाच ग्रॅम साखर. हिशेब तोंडपाठ होतो. द्रावण याहून दाट करायचा मोह टाळावा. रेब ए पाण्यात फार विरघळत नाही. दाट द्रावण थंड झालं की काही दिवसांत तळाशी पांढरा साका बसतो, वरचं पाणी फिकं लागतं आणि शेवटचे चमचे कडू निघतात. द्रावणात परिरक्षक नसल्यामुळे बाटली फ्रीजमध्ये ठेवावी आणि आठवड्यात संपवावी.

कडवटपणाचं कारण समजलं तर तो बराचसा टाळता येतो. स्टेव्हियातले गोड रेणू जिभेवर गोड चव ओळखणाऱ्या ग्राहींना जागे करतातच, शिवाय कडूच्या ग्राहींपैकी दोघांनाही चाळवतात. प्रमाण वाढवत नेलं की गोडी एका मर्यादेशी थांबते, कडवटपणा मात्र चढतच राहतो. त्यामुळे ‘गोड कमी लागतंय’ म्हणून आणखी घालणं ही सर्वांत मोठी चूक. पेय फार गोड हवं असेल तर एकट्या स्टेव्हियाने ते साधणार नाही. थोडी गोडी दुसऱ्या पदार्थाकडून घ्यावी लागते. दुसरं असं की याची गोडी जिभेवर उशिरा चढते आणि उशिरापर्यंत रेंगाळते. गरम दुधाळ पेयात हे झाकलं जातं, थंड पातळ सरबतात उघडं पडतं. लिंबाची आंबट चव, चिमूटभर मीठ किंवा व्हॅनिला यांचा इथे खरंच उपयोग होतो. पानांत मुख्यतः स्टेव्हिओसाइड आणि रेब ए असतात. चवीला त्यांच्याहून सरस असलेले रेब डी आणि रेब एम पानात अत्यल्प असतात, म्हणून ते एन्झाइम वापरून किंवा यीस्टकडून आंबवून तयार केले जातात. पाकिटावर रेब एम दिसलं तर ते पान सुकवून थेट मिळालेलं नाही, एवढं समजावं. त्याने सुरक्षिततेत उणेपणा येत नाही, चव मात्र सुधारते.

सुरक्षिततेबद्दल नेमकं बोलू या. अन्नातील मिश्रकांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने (जेक्फा) २००८ मध्ये स्टेव्हिऑल ग्लायकोसाइड्ससाठी, म्हणजे स्टेव्हियातल्या गोड रेणूंसाठी, रोजची मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलोमागे ४ मिलिग्रॅम, स्टेव्हिऑलच्या (या रेणूंच्या गाभ्याच्या) हिशेबात. रेब एच्या रेणूचा साधारण एक तृतीयांश भाग स्टेव्हिऑलचा असतो, म्हणून ही मर्यादा रेब एच्या भाषेत किलोमागे १२ मिलिग्रॅम होते. ६० किलोच्या माणसाला ७२० मिलिग्रॅम, म्हणजे वरच्या द्रावणाचे जवळपास २९ चमचे. मोठ्या माणसाला ही मर्यादा ओलांडणं अवघड आहे. १५ किलोच्या मुलाचं मात्र तसं नाही. त्याची मर्यादा १८० मिलिग्रॅम, सात चमचे. दिवसभर गोड पेयं दिली तर तिथे पोचायला वेळ लागत नाही. हे सगळं ९५ टक्क्यांवर शुद्ध केलेल्या अर्काबद्दल आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये शुद्ध रेब एच्या वापराला हरकत घेतली नाही, पण पानांची भुकटी आणि कच्चा अर्क यांना गोडी आणण्यासाठी तशी मान्यता दिलेली नाही. हिरवी भुकटी ‘जास्त नैसर्गिक’ म्हणून जास्त सुरक्षित, हा समज त्यामुळे उलटा ठरतो.

शरीरात याचं होतं काय, हेही थोडक्यात सांगतो. हे रेणू लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांवरच्या ग्लुकोजच्या साखळ्या तोडतात, उरलेलं स्टेव्हिऑल रक्तात जातं, यकृत त्याला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. रक्तातली साखर वाढत नाही, ती यामुळे.

स्टेव्हियासारखीच बाजारात मिळणारी दुसरी गोडी म्हणजे मंक फ्रूट. हे दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी प्रांतातलं वेलीवरचं फळ. त्याच्या अर्कातले मोग्रोसाइड्स गोडी देतात, त्यांत मोग्रोसाइड व्ही मुख्य. कडवटपणा स्टेव्हियाहून कमी, वास थोडा खरबुजासारखा. फळात स्वतःची साखर असते, ती अर्क काढताना वेगळी केली जाते. म्हणून ‘मंक फ्रूटचा रस’ आणि ‘मंक फ्रूटचा अर्क’ यांत गल्लत करू नये. पाकिटावर मोग्रोसाइड व्हीची टक्केवारी लिहिलेली असली तरच प्रमाण ठरवता येतं, कारण २५ टक्के आणि ५० टक्के अर्काच्या गोडीत सरळ दुपटीचा फरक पडतो. आणि ‘मंक फ्रूट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, साखरेसारख्या दाणेदार पाकिटात बहुधा ९८-९९ टक्के एरिथ्रिटॉल असतं.

म्हणून एरिथ्रिटॉलवर जास्त लिहायला हवं. हे चार कार्बनचं शर्करा-अल्कोहोल (नावात अल्कोहोल असलं तरी दारूतलं नव्हे). फळांत अगदी थोडं असतं, पण विकलं जाणारं सगळं एरिथ्रिटॉल ग्लुकोज यीस्टसारख्या बुरशीकडून आंबवून बनवतात. ग्रॅमला ०.२ कॅलरी, साखरेला ४. गोडी साखरेच्या ६० ते ७० टक्के. घेतलेल्यापैकी सुमारे ९० टक्के लहान आतड्यातच रक्तात शोषलं जातं आणि जसंच्या तसं लघवीतून जातं, म्हणून इतर शर्करा-अल्कोहोलांच्या मानाने पोट कमी बिघडवतं. तरी एका दमात जास्त घेतलं तर जुलाब होतातच. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये याच कारणासाठी किलोमागे अर्धा ग्रॅम ही रोजची मर्यादा सांगितली. ६० किलोला ३० ग्रॅम. बिनसाखरेच्या केकच्या दोन तुकड्यांत एवढं सहज जातं.

स्वयंपाकात हे पदार्थ कुठे दगा देतात? साखर केकमध्ये गोडीशिवाय चार कामं करते: पाणी धरून ठेवते, लोण्यात फेसताना हवा अडकवते, मैद्याची ताण धरणारी जाळी मऊ ठेवते आणि वरचा रंग आणते. २०० ग्रॅम साखर काढून तिथे ग्रॅमभर स्टेव्हिया घातला तर गोडी येते, पण २०० ग्रॅम वस्तुमान नाहीसं होतं. केक बसका, रबरासारखा आणि पांढुरका निघतो. त्याऐवजी असं करून पाहा. गोडी आधी २० टक्क्यांनी कमी धरा, म्हणजे लक्ष्य १६० ग्रॅम साखरेएवढं. १२० ग्रॅम एरिथ्रिटॉल मिक्सरमध्ये पिठीसारखं दळून घ्या; त्यातून सुमारे ७८ ग्रॅम साखरेची गोडी मिळते. उरलेल्या ८२ ग्रॅमसाठी ०.४ ग्रॅम शुद्ध रेब ए पुरतो. तो कोरड्या पिठात टाकू नये, एखाद्या जागी गठ्ठा राहिला तर तो घास कडूजहर लागतो. आधी कोमट दुधात विरघळवून घालावा. दोन-तीन चमचे दही किंवा फळाचा गर घातला तर ओलावा भरून निघतो.

एरिथ्रिटॉलचा केक लाल होत नाही. प्रथिनांबरोबर होणारी तपकिरी रंगाची प्रक्रिया त्याच्याकडून घडत नाही, कॅरॅमलही होत नाही. नेहमीच्या रंगाची वाट बघत बसलेला माणूस केक पंधरा मिनिटं जास्त भाजतो आणि कोरडा करून टाकतो. इथे रंगावर विसंबू नये, मध्ये सुई खुपसून बघावी. रंग हवाच असेल तर २० ग्रॅम खरी साखर ठेवावी किंवा चमचाभर दूध पावडर घालावी. २० ग्रॅम साखर दहा तुकड्यांत वाटली जाते, तुकड्याला दोन ग्रॅम. शून्याचा हट्ट सोडून एवढी ठेवली तर केक केकसारखा होतो. आमच्या मते हा सौदा फायद्याचा आहे.

पाक आणि क्रीम यांत वेगळी अडचण. साखर खोलीच्या तापमानाला तिच्या निम्म्या वजनाच्या पाण्यात विरघळते. एरिथ्रिटॉल तेवढ्या पाण्यात निम्मंही विरघळत नाही. गरम असताना पाक पारदर्शक दिसतो, रात्रभरात त्यात काचेसारखे स्फटिक उभे राहतात. शिवाय विरघळताना ते उष्णता ओढून घेतं, म्हणून कोरडं खाल्लं तर तोंडात पुदिन्यासारखा गारवा येतो. चॉकलेटच्या भरणात हा गारवा विचित्र लागतो. यीस्टलाही एरिथ्रिटॉल खाता येत नाही. कोमट पाण्यात एरिथ्रिटॉल घालून यीस्ट फुलायची वाट पाहिली तर फेस येणारच नाही, आणि चांगलं यीस्ट मेलेलं समजून फेकलं जाईल. अर्धा चमचा साखर यीस्टसाठी घालावी. ती तेच खाऊन टाकतं.

जॅमची गोष्ट सुरक्षिततेची. नेहमीचा जॅम ६० टक्क्यांच्या वर साखर असल्यामुळे घट्ट होतो आणि टिकतोही. साखर काढली की साधं पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळांतला पदार्थ) जमत नाही. त्यासाठी कॅल्शियमच्या साहाय्याने जमणारं कमी मेथॉक्सिल पेक्टिन लागतं. ते मिळालं आणि जॅम झकास जमला तरी तो टिकाऊ झालेला नसतो. साखर पाणी अडवून ठेवत होती, आता ते पाणी बुरशीला मोकळं आहे. असा जॅम फ्रीजमध्येच ठेवावा आणि दोन आठवड्यांत संपवावा, किंवा लहान डब्यांत गोठवावा. बिनसाखरेच्या जॅमची पाककृती छापताना ‘हवाबंद बरणीत सहा महिने टिकतो’ हे वाक्य सवयीने जोडू नये.

एरिथ्रिटॉल आणि हृदयविकार यांबद्दल २०२३ मध्ये मोठी बातमी झाली होती. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी ‘नेचर मेडिसिन’मध्ये दाखवलं की, ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त त्यांना पुढच्या तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त प्रमाणात आले. पण आपलं शरीर स्वतःही ग्लुकोजपासून एरिथ्रिटॉल बनवतं, आणि चयापचय बिघडलेल्या माणसात ते अधिक बनतं. त्यामुळे नुसत्या रक्तातल्या पातळीवरून ‘खाल्लेल्या एरिथ्रिटॉलने झटका आला’ असं म्हणता येत नाही. त्याच गटाचा २०२४ चा प्रयोग जास्त थेट होता. २० निरोगी माणसांपैकी निम्म्यांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल आणि निम्म्यांना ३० ग्रॅम ग्लुकोज दिलं. एरिथ्रिटॉल घेतलेल्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट्स गुठळी करायला जास्त तयार झालेल्या दिसल्या, ग्लुकोज घेतलेल्यांच्या नाही. प्रयोग लहान आहे आणि एका वेळच्या डोसाचा आहे. तरीही ज्यांना झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे, त्यांनी एका बैठकीत २०-३० ग्रॅम एरिथ्रिटॉल खाणं टाळावं, असं आम्ही स्पष्ट सांगतो. त्यांच्यासाठी कपात स्टेव्हियाच्या द्रावणाचा एक चमचा हा मार्ग खुला आहे. त्यात एरिथ्रिटॉलची गरजच पडत नाही.

अ‍ॅल्युलोज स्वयंपाकाला सर्वांत सोयीचं. फ्रुक्टोजचाच भाऊबंद रेणू, ग्रॅमला ०.४ कॅलरी, गोडी ७० टक्के. हे लाल होतं, पाक धरतं आणि आइस्क्रीम मऊ ठेवतं. उलट साखरेपेक्षा लवकर करपतं, म्हणून ओव्हन १०-१५ अंशांनी कमी ठेवावा आणि लवकर तपासायला लागावं. जास्त झालं तर पोटात गुडगुड आणि जुलाब यातही आहेतच. अमेरिकेत २०१९ पासून ते लेबलवरच्या साखरेत मोजत नाहीत; सगळ्याच देशांत त्याला परवानगी मात्र नाही.

पाकीट विकत घेताना पुढची बाजू सोडून मागची वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी) असेल तर ती पिठूळ साखरच आहे, वरून स्टेव्हिया शिंपडलेली. एक ग्रॅमच्या पुडीत चारेक कॅलरी असतात, आणि अमेरिकेच्या नियमात एका वाढणीत ५ हून कमी कॅलरी असल्या तर ‘शून्य’ छापता येतं. दिवसाला एक पुडी घेणाऱ्याला याने फरक पडत नाही. केकमध्ये कपभर ओतणाऱ्याला पडतो, कारण माल्टोडेक्स्ट्रिन रक्तातली साखर जवळपास ग्लुकोजच्याच वेगाने वाढवतं. माल्टिटॉल आणि झायलिटॉल ही आणखी दोन शर्करा-अल्कोहोलं शून्य कॅलरीची नाहीत. ग्रॅमला दोनच्या वर कॅलरी धराव्यात. झायलिटॉल कुत्र्यांना विषारी आहे, थोड्या प्रमाणातही त्यांची रक्तशर्करा धोकादायक उतरते. घरात कुत्रा असेल तर तो डबा उंचावर ठेवावा. मध आणि निरनिराळे ‘नैसर्गिक’ पाक यांना तर या यादीत जागाच नाही. जागतिक आरोग्य संघटना त्यांना साखरेतच मोजते.

हे सगळं साखरेपेक्षा आरोग्याला चांगलं आहे का? दातांसाठी हो, कारण तोंडातले जिवाणू यांपासून आम्ल बनवू शकत नाहीत. मधुमेह असलेल्याला जेवणानंतरची रक्तशर्करा आवरायला हो. वजनासाठी उत्तर इतकं सरळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन ताब्यात ठेवण्यासाठी साखरविरहित गोडी वापरू नये अशी शिफारस केली. त्यात स्टेव्हिया धरलेला आहे. एरिथ्रिटॉल, अ‍ॅल्युलोज नाहीत. ती सशर्त शिफारस आहे आणि आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही, हे बातम्यांतून बहुतेक वेळा गळतं. साखरेच्या जागी दिलं तर थोड्या महिन्यांच्या प्रयोगांत वजन थोडं उतरतं. दीर्घकाळ पाहिलेल्या लोकांत फायदा दिसत नाही; वजन वाढलेलेच लोक या पदार्थांकडे वळतात, हेही त्यामागचं एक कारण असू शकतं. दिवसाला सहा चमचे साखर पेयातून घेणाऱ्याने ती काढली तर सव्वाशेच्या आसपास कॅलरी वाचतात. त्या वाचल्या म्हणून बिस्किटाचे दोन जास्त तुकडे घेतले की हिशेब तिथेच संपला. आम्ही सुचवतो ती रीत अशी: पहिल्या आठवड्यात निम्मी साखर आणि निम्मं द्रावण, दुसऱ्यात पूर्ण द्रावण, मग दर पंधरवड्याला पाव चमचा द्रावण कमी. जीभ एवढ्या हळू बदलाला कुरकुर करत नाही, आणि दोन वर्षांखालच्या मुलाला यातलं काहीच द्यायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र चौकटीत छापावी अशी कळकळीची विनंती आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्याची रक्तातली साखर कधी ७० च्या खाली जाते: घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. घरात साखरच ठेवली नसेल तर घाबरलेले नातेवाईक हाताला येईल ते गोड पाजतात. स्टेव्हिया, मंक फ्रूट, एरिथ्रिटॉल, अ‍ॅल्युलोज यांपैकी कशानेही रक्तातली साखर वर येत नाही. पेय गोड लागतं आणि माणूस तसाच खाली जात राहतो. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात द्यावं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा द्यावं. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर हळू पचते, म्हणून ग्लुकोजच हवं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. साखरेचा डबा घरातून हद्दपार करणाऱ्या प्रत्येक घरात ग्लुकोजची पुडी वेगळी, नाव लिहून, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी असावी.

कळावे,
आहारशास्त्र आणि अन्नतंत्रज्ञान या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक